वेशीवरचे साल आणि वाचनालयातील कॅमेरा

१/
मोर्णेच्या काठी वसलेल्या अकोल्याच्या जुन्या शहराला एके काळी तट होता, वेशी होत्या आणि असदगड नावाचा किल्ला होता. दहीहंडा वेशीवरील शिलालेखात बांधकामाचे साल आहे. छापील वर्णनांत ते 'हिजरी १११४, म्हणजे इ. स. १६९७' असे आढळते. या एका ओळीत दोन साले आहेत, आणि ती परस्परांशी जुळत नाहीत. आजचा धागा या न जुळणाऱ्या सालांविषयी आणि अशा चुका पकडण्याच्या एका साध्या साधनाविषयी.

२/
प्रथम गणित. हिजरी वर्ष चांद्र असते, सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणून हिजरी सनाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास हाती येतो. १११४ ला ०.९७ ने गुणले की १०८०.६, त्यात ६२२ मिळवले की १७०२.६. अचूक सांगायचे तर हिजरी १११४ हे वर्ष मे १७०२ ते मे १७०३ असे चालले. इ. स. १६९७ खरे मानले, तर दगडावर ११०८ किंवा ११०९ असायला हवे.

३/
जवळच्या ईदगाहच्या लेखाचीही तीच गत. त्याचे साल हिजरी १११६, म्हणजे इ. स. १६९८ असे छापले जाते. प्रत्यक्षात १११६ म्हणजे १७०४-०५. ही दोन्ही बांधकामे औरंगजेबाच्या कारकिर्दीतील. अकोला तेव्हा वजीर असदखानाच्या जहागिरीत होते आणि कामावर देखरेख ख्वाजा अब्दुल लतीफ याची होती. नावांविषयी वाद नाही. प्रश्न फक्त सालांचा आहे.

४/
पाच-सहा वर्षांच्या फरकाने काय बिघडते? बरेच काही. १६९७ मध्ये छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते आणि युद्धाचा भार दक्षिणेकडे होता. १७०३ मध्ये, ताराबाईंच्या काळात, नेमाजी शिंदे वऱ्हाडात उतरले आणि त्यांनी वऱ्हाडचा नायब सुभेदार रुस्तमखान याचा पराभव केला. तट १६९७ चा असेल तर तो शांत मुलखातील जहागीरदाराचे वैभव ठरू शकतो. १७०२-०३ चा असेल तर तो मराठी फौजा उंबरठ्यावर असताना उभा राहिला, असे म्हणावे लागते. इतिहासाचा अर्थच बदलतो.

५/
मग चूक वाचनातील की रूपांतरातील? दहा पुस्तके चाळून हे ठरत नाही, कारण दहावे पुस्तक नवव्यावरून लिहिलेले असू शकते. ठरवते ती दगडाची, ठशाची किंवा पहिल्या नोंदीची प्रतिमा. मजकुराची नक्कल नकलणाऱ्याची समजूतही सोबत आणते. प्रतिमा वाचकाला पुन्हा स्वतः वाचू देते. नक्कल आणि प्रतिमा यांतील हा भेद ध्यानी ठेवून पुढे जाऊ.

६/
नकलेचे महत्त्व आणि तिची मर्यादा वऱ्हाडाइतकी क्वचितच कोणी अनुभवली असेल. मराठीचा आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे 'लीळाचरित्र' म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सिद्ध केले. महानुभाव परंपरा सांगते की मूळ पोथी धाडीत नाहीशी झाली आणि पुढे शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली. त्यामुळे तिचे अनेक पाठ निर्माण झाले. वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकांना आयुष्यातील कित्येक वर्षे पाठभेद लावण्यात घालवावी लागली ती यामुळेच.

७/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वि. का. राजवाडे गावोगावची दप्तरे धुंडाळू लागले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि एकूण २२ खंड प्रसिद्ध झाले. हाती कॅमेरा नव्हता. मोडी कागद वाचायचा, बाळबोधीत उतरवायचा आणि मूळ कागद मालकाला परत करायचा, अशी पद्धत होती. पुढे ज्या घराण्यांचे रुमाल वाळवीने खाल्ले किंवा रद्दीत गेले, तेथे राजवाड्यांचे वाचन हाच शेवटचा पुरावा उरला. ते वाचन तपासून पाहण्याची सोय मात्र उरली नाही.

८/
शिलालेख आणि ताम्रपट यांच्यासाठी ठशाची पद्धत होती. दगड स्वच्छ करायचा, ओला कागद त्यावर बसवायचा, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा आणि वरून शाई टिपायची. खाचा पांढऱ्या राहतात, बाकीचा भाग काळा होतो. हा ठसा म्हणजे विद्युत यंत्राविना काढलेले एकास एक मापाचे चित्रच. तो ग्रंथात छापला की शेकडो मैलांवरील अभ्यासकही लेख स्वतः वाचू शकतो.

९/
याचे उत्तम उदाहरण अकोल्याच्या शेजारीच आहे. १९३९ मध्ये वाशीम येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट मिळाला. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. या ताम्रपटामुळे वत्सगुल्म, म्हणजेच वाशीम, येथील वाकाटकांची स्वतंत्र शाखा उजेडात आली. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेखाची जुनी वाचने त्यानंतर पुन्हा तपासली गेली आणि वा. वि. मिराशी यांनी वंशावळ सुधारली. जुने वाचन चुकले तरी लेख पुन्हा पाहता येत होता, म्हणूनच हे घडले.

१०/
विसाव्या शतकात फोटोस्टॅट आणि मायक्रोफिल्म आले. १९५९ मध्ये 'झेरॉक्स ९१४' हे यंत्र बाजारात आले आणि 'झेरॉक्स काढणे' हे मराठीत क्रियापदच झाले. त्यानंतर सपाट काचेचा स्कॅनर आला. या शेवटच्या दोन यंत्रांत एक समान दोष आहे: पुस्तक पालथे घालून काचेवर दाबावे लागते. शंभर वर्षांपूर्वीच्या जाड ग्रंथाची शिवण त्या दाबाने तुटते, ठिसूळ पानांचे कोपरे झडतात आणि शिवणीजवळची अक्षरे तरीही काळ्या पट्ट्यात बुडतात.

११/
डॉक्युमेंट कॅमेरा हा क्रम उलटवतो. पुस्तक उताणे राहते आणि कॅमेरा वर असतो. ही कल्पना ग्रंथालयातून आलेली नाही. ती वर्गातील आणि सभागृहातील प्रक्षेपकांतून आली. वुल्फव्हिजन आणि एल्मो या कंपन्यांनी असे कॅमेरे १९८८ च्या फोटोकिना प्रदर्शनात मांडले. उद्देश होता व्याख्यात्याच्या हातातील वस्तू पडद्यावर दाखवण्याचा. अभ्यासकांनी त्यात वेगळा उपयोग पाहिला: कागदाला यंत्राचा स्पर्शही होत नाही.

१२/
रचना साधी आहे. एक स्थिर दांडा, खाली पाहणारी लेन्स, दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांत येणारा प्रकाश आणि खाली गडद, चमक नसलेले कापड. दिवा थेट वरून असेल तर गुळगुळीत कागदावर पांढरा डाग उमटतो. म्हणून प्रकाश तिरपा. पुस्तक १८० अंशांत उघडू नये. त्याला ज्या कोनात सुखाने उघडता येते त्या कोनात उशीचा आधार द्यावा. 'इंटरनेट अर्काइव्ह'च्या यंत्रात यासाठी इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा पाळणा आणि दोन पानांसाठी दोन कॅमेरे असतात. पाने मात्र माणूसच उलटतो.

१३/
स्पष्टतेचेही गणित आहे. छापील मजकुरासाठी मूळ आकारात दर इंचाला ३०० ठिपके हा सर्वमान्य मापदंड. ए-४ पानाला त्यामुळे २४८० × ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके लागतात. ए-३ ला १ कोटी ७४ लाख. १५ × २२ इंची वर्तमानपत्राच्या पानाला जवळजवळ ३ कोटी. म्हणून १ कोटी ३० लाख ठिपक्यांचा कॅमेरा पुस्तकाला पुरतो. वर्तमानपत्राचे पान मात्र तुकड्यांत घ्यावे लागते, आणि तुकड्यांच्या कडा एकमेकांवर चढलेल्या असाव्या लागतात.

१४/
आता कॅमेऱ्याच्या मर्यादा. मोडी पत्रात मजकूर पुढे असतो, पण शेरे अनेकदा पाठीवर असतात. कागद जोडलेला असेल तर जोडाची जागा महत्त्वाची ठरते. तारीख 'छ' अशा खुणेपुढे चांद्रमासात दिलेली असते आणि मोर्तब अखेरीस असते. घाईत कडा कापली गेली की पत्राचा काळ आणि त्याची खातरजमा दोन्ही गेले. म्हणून पाठ कोरी दिसली तरी तिचे चित्र घ्यावे. ती कोरी आहे हाही पुरावाच. शेजारी मोजपट्टी ठेवावी, नाहीतर पडद्यावर चिठ्ठी आणि फर्मान सारखेच मोठे दिसतात.

१५/
वऱ्हाडाला या कामाची निकड अधिक आहे, कारण त्याचे दप्तर एका जागी कधीच राहिले नाही. निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा येथे दोअमली वसूल होता. १८५३ च्या तहाने प्रदेश ब्रिटिशांच्या ताब्यात आला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला. सत्ताकेंद्र बदलत गेले तसे कागदही हैदराबाद, नागपूर, मुंबई आणि लंडन अशा दिशांनी पांगले. अकोल्याचा इतिहास लिहिणाऱ्याला हे सारे कागद एका टेबलावर केवळ प्रतिमांच्या रूपानेच मिळू शकतात.

१६/
स्थानिक वर्तमानपत्रांची स्थिती आणखी नाजूक. एकोणिसाव्या शतकात अकोल्याहून 'वऱ्हाड समाचार' निघत असे. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात आम्ल तयार होते. तो पिवळा पडतो आणि शेवटी घडीवर तुटतो. हातकागदावर काजळीच्या शाईने लिहिलेले तीनशे वर्षांपूर्वीचे पत्र पुष्कळदा शंभर वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रापेक्षा धडधाकट असते. तेव्हा आधी काय टिपायचे हे वयावरून ठरवू नये. कागदाच्या प्रकृतीवरून ठरवावे.

१७/
यंत्र आले म्हणजे काम निर्दोष झाले असे नाही. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' प्रकल्पाने हजारो भारतीय ग्रंथ वाचकांपर्यंत पोहोचवले आणि त्याचे ऋण मोठे आहे. पण त्यातील काही प्रतींत पाने गळलेली आहेत आणि मराठी शीर्षके रोमन लिपीत अशी मोडलेली आहेत की शोधणाऱ्याला ग्रंथ सापडू नये. म्हणून नोंद हवी: ग्रंथालयाचे नाव, दाखल क्रमांक, आवृत्ती, साल, पृष्ठांक. पहिले चित्र मुखपृष्ठाचे, दुसरे शीर्षकपानाचे. पत्ता नसलेली प्रतिमा पुराव्याच्या कामाची नाही.

१८/
परवानगी हा उपचार नव्हे. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ चा. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. त्यानंतर ग्रंथ सर्वांचा होतो. स्वतःच्या अभ्यासापुरती नक्कल घेण्यास कायदा मुभा देतो, पण संपूर्ण ग्रंथ समाजमाध्यमावर टाकणे ही वेगळी गोष्ट आहे. ग्रंथपालांना उद्देश सांगावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि चित्रांची एक प्रत ग्रंथालयाला द्यावी. अकोल्याच्या बाबुजी देशमुख वाचनालयासारख्या जुन्या संस्थांशी अभ्यासकांचे नाते अशा देवाणघेवाणीतूनच दृढ होते.

१९/
५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला आणि संग्रहाची नासधूस झाली. वाळवी, पूर आणि आग यांच्या जोडीला माणसाचा क्रोधही असतो, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिले. मूळ वस्तूची जागा प्रतिमा घेऊ शकत नाही. पण मूळ गेले आणि प्रतिमाही नसली, तर उरतात ती केवळ परस्परविरोधी अवतरणे.

२०/
आता पुन्हा वेशीकडे. १८७० चे लायलकृत वऱ्हाड गॅझेटियर, १९१० चे अकोला जिल्हा गॅझेटियर आणि या. मा. काळे यांचा १९२४ चा 'वऱ्हाडचा इतिहास' ही तीन पुस्तके कालक्रमाने घ्यावीत. किल्ल्याविषयीची पाने टिपून शेजारी शेजारी लावावीत. कोणता आकडा प्रथम कोठे आला आणि पुढे कोणी कोणाचा उतारा घेतला, हे ओळींवरूनच दिसू लागते. त्यानंतर फारसी लेखांच्या ठशांचे खंड आणि वेशीवरील दगड यांच्याशी पडताळा घ्यावा.

२१/
एक काम आणखी आहे. अगरवेशीवर एक मराठी लेख असून त्यात गोविंद आप्पाजी यांनी १८४३ मध्ये किल्ला बांधल्याचे म्हटले आहे, अशी नोंद आढळते. ती बाकी सर्व लेखांशी विसंगत आहे. लेखात नेमके क्रियापद कोणते आहे? बांधला, की दुरुस्त केला? सारांशावरून हे कळणार नाही. त्यासाठी लेखाचे शब्द अक्षरशः समोर हवेत. जुन्या शहरात राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला हा प्रश्न एका सकाळच्या तिरप्या उन्हात, दगडाजवळ मोजपट्टी धरून घेतलेल्या चार चित्रांनी मार्गी लावता येईल.

(धागा समाप्त)