क्षयेतर मायकोबॅक्टेरियाजन्य संसर्ग

क्षय व कुष्ठरोगाचे जंतू वगळून इतर मायकोबॅक्टेरियांमुळे होणारे रोग. हे जंतू मातीत व नळाच्या पाण्यात आढळतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची उपकरणे नीट निर्जंतुक न झाल्यास ते जखमेत शिरतात. मुंबईतील एका रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर झालेल्या मायकोबॅक्टेरियम कीलोनीच्या अशा संसर्गाची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. जखम भरून आल्यावर काही आठवड्यांनी व्रणापाशी गाठ येते; ती फुटून पातळ पू झिरपत राहतो. नेहमीची प्रतिजैविके सहसा लागू पडत नाहीत आणि क्षयाची प्रचलित औषधे कीलोनीवर निरुपयोगी ठरतात. म्हणून पुवाचे जंतुसंवर्धन करून जातीची ओळख पटवणे अत्यावश्यक असते. क्लॅरिथ्रोमायसीन व अ‍ॅमिकासीन ही मुख्य औषधे असून उपचार अनेक महिने चालतात. एड्सच्या रुग्णात सीडी-४ पेशी घन मिलिमीटरमागे ५० हून कमी झाल्यास मायकोबॅक्टेरियम एव्हियम गटाचे जंतू सर्वांगात पसरू शकतात.