कोर्टाने लावलेली ‘कॉस्ट’: अपील कुठं करायचं, वसुली कशी करायची आणि यात मोबाईल कुठं कामाला येतो

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर जॉबवर्क करून द्यायचं, एवढाच धंदा. एका पार्टीने बिल थकवलं म्हणून पप्पांनी दिवाणी दावा लावला. घरात मोबाईलचं सगळं माझ्याकडे असल्याने तारखा बघायचं कामही माझ्याकडे आलं. आणि पहिली कॉस्ट बसली ती समोरच्यावर नाही, आमच्यावरच. तीही माझ्यामुळे.

झालं असं, की ई-कोर्ट्स ॲपमध्ये मी केस ‘माय केसेस’मध्ये सेव्ह करून ठेवली होती. तिथली माहिती तुमच्या फोनमध्ये साठवलेली असते, रिफ्रेश केल्याशिवाय नवी तारीख येत नाही. मी जुनीच तारीख बघत बसलो. पप्पांची साक्ष होती त्या दिवशी पप्पा व्हीएमसीवर उभे होते, कोर्टात नव्हते. वकिलांनी मुदत मागितली. मिळाली, पण १५०० रुपये कॉस्ट लावून. तेव्हापासून हा विषय मी नीट समजून घेतला.

कॉस्ट म्हणजे दंड नव्हे

बातम्यांत सरसकट ‘कोर्टाने दंड ठोठावला’ असं येतं. दंड फौजदारी केसमध्ये होतो आणि सरकारजमा होतो. दिवाणी दाव्यातली कॉस्ट बहुतेक वेळा समोरच्या पक्षकाराला मिळते, कधी कधी विधी सेवा प्राधिकरणात भरायला सांगतात. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मध्ये यासाठी तीन कलमं आहेत, आणि अपील कुठं होणार हे तुमची कॉस्ट कुठल्या कलमाखाली आहे यावर ठरतं. म्हणून ऑर्डरची पीडीएफ हातात आली की आधी कलम शोधा.

कलम ३५ म्हणजे दाव्याचा नेहमीचा खर्च. निकालात ‘दावा खर्चासह मंजूर’ असं लिहिलेलं असतं ते हेच. कलम ३५-ए खोट्या किंवा त्रास देण्यासाठीच केलेल्या दाव्याबद्दलची भरपाई. पण तिची कमाल मर्यादा फक्त ३००० रुपये! आजच्या काळात ही रक्कम हास्यास्पद आहे असं माझं मत, आणि सुप्रीम कोर्टानेही ही मर्यादा वाढवायला हवी असं निकालांत म्हटलेलं आहे. तिसरं कलम ३५-बी, तारखा लांबवल्याबद्दलचं. आमची १५०० ची कॉस्ट ही होती.

३५-बी दिसायला किरकोळ, पण सगळ्यात धोकादायक. पुढच्या तारखेला कॉस्ट भरली नाही, तर वादीला दावा पुढे चालवता येत नाही आणि प्रतिवादीला बचाव करता येत नाही. म्हणजे १५०० रुपयांपायी पप्पांची साक्ष अडकली असती आणि सगळं बिल पाण्यात गेलं असतं.

जुही चावलाची केस आठवतेय?

२०२१ मध्ये फाईव्ह-जी विरोधात अभिनेत्री जुही चावला आणि इतर दोघांनी दिल्ली हायकोर्टात दावा केला होता. ऑनलाईन सुनावणीची लिंक सोशल मीडियावर शेअर झाली आणि कोणीतरी मध्येच घुसून तिच्या पिक्चरची गाणी म्हटली, ते व्हायरल झालेलं. ४ जून २०२१ ला न्या. जे. आर. मिढा यांनी दाव्यात कायदेशीर त्रुटी आहेत आणि तो प्रसिद्धीसाठी केलाय, असं म्हणत तो फेटाळला आणि २० लाखांची कॉस्ट लावली. रक्कम दिल्ली राज्य विधी सेवा प्राधिकरणात भरायची होती.

पुढचा भाग व्हायरल झाला नाही, आणि आपल्या कामाचा तोच. पैसे भरले गेले नाहीत, म्हणून प्राधिकरणाने वसुलीसाठी हायकोर्टात अर्ज केला. दुसरीकडे जुहीचं अपील खंडपीठापुढे होतंच. २७ जानेवारी २०२२ ला खंडपीठाने कॉस्ट २० लाखांवरून २ लाखांवर आणली आणि प्रसिद्धीबद्दलचा शेराही काढून टाकला. त्याआधी तिने प्राधिकरणाच्या कार्यक्रमात सहभागी होण्याची तयारी दाखवली होती.

म्हणजे अपील आणि वसुली एकाच वेळी सुरू राहू शकतात. ‘आम्ही अपिलात गेलोय, आता काही करू शकत नाही’ असं समोरचा म्हणाला, तर स्थगितीची ऑर्डर मागा. नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही. ऑर्डर ४१ नियम ५ प्रमाणे वेगळी स्थगिती घ्यावी लागते, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात कोर्ट बऱ्याचदा आधी रक्कम भरा किंवा तारण द्या म्हणतं.

अपील कुठं?

कलम ३५ ची कॉस्ट हुकूमनाम्याचाच भाग असते. त्यामुळे कलम ९६ खालच्या नेहमीच्या अपिलात तिलाही आव्हान देता येतं. मुदत जिल्हा कोर्टात ३० दिवस, हायकोर्टात ९० दिवस. नक्कल मिळायला लागलेला वेळ यातून वजा होतो, पण त्यासाठी नक्कल अर्ज वेळेत केलेला पाहिजे. ॲपवरून डाउनलोड केलेली पीडीएफ वाचायला ठीक, ती सही-शिक्क्याची नक्कल नव्हे. आमच्या ओळखीच्या एकाने पीडीएफची प्रिंट काढून ‘झालं काम’ समजून महिना घालवला!

३५-ए च्या ऑर्डरवर कलम १०४ खाली अपील आहे, पण मुद्दा एवढाच मांडता येतो की कॉस्ट लावायलाच नको होती किंवा कमी लावायला हवी होती. ‘मला कमी मिळाली’ म्हणून अपील नाही.

३५-बी च्या ऑर्डरवर थेट अपीलच नाही. घटनेच्या अनुच्छेद २२७ खाली हायकोर्टात रिट करावी लागते. पूर्वी त्यासाठी कोल्हापूरकराला मुंबई गाठावी लागायची. १५०० रुपयांसाठी कोण जाणार हो? १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. तरी वकील फी धरली तर लहान कॉस्ट भरून टाकणंच स्वस्त पडतं. आम्ही तेच केलं.

एमआयडीसीतल्यांसाठी एक जादा गोष्ट. दोन धंद्यांमधला व्यापारी वाद ३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल तर तो कमर्शियल कोर्टाच्या कायद्यात जातो. तिथं हरणाऱ्याने खर्च द्यायचा हा सर्वसाधारण नियम आहे, ३५-ए ची ३००० रुपयांची मर्यादा लागू नाही, आणि अपिलाची मुदत ६० दिवस. आमचं बिल ३ लाखांच्या आत होतं म्हणून साधा दावा.

पैसे भरताना यूपीआयची गंमत

कॉस्ट भरायची म्हणून मी समोरच्या मालकाला १५०० रुपये यूपीआय केले. नोटच्या जागी काहीच लिहिलं नाही. पुढच्या तारखेला त्यांचे वकील उभे राहून म्हणाले, ‘मिळाल्याची मला सूचना नाही.’ पप्पांनी माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतंय. कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून बँकेच्या ॲपमधून स्टेटमेंट काढलं, यूटीआर नंबर दाखवला, वकिलांनी पुरशिस दिली, तेव्हा साक्ष सुरू झाली. नुसता स्क्रीनशॉट असता तर वाद वाढला असता.

हुकूमनाम्याची रक्कम बँकेतून देताना काय लिहायचं हे ऑर्डर २१ नियम १ मध्येच सांगितलंय: दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावं, पैसे कशापोटी दिले ते. यूपीआयच्या नोटमध्ये सगळं बसत नाही, पण ‘दावा नंबर अमुक, कॉस्ट’ एवढं तरी टाका, आणि बाकीचं रजिस्टर पोस्टाने कळवा. नियम २ आणखी कडक आहे. कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदवले नाहीत, तर वसुलीच्या वेळी ते धरले जात नाहीत. सगळ्यात सुरक्षित म्हणजे कोर्टात नाझरकडे भरणा करायचा. ई-कोर्ट्सच्या ई-पे साइटवरही भरण्याची सोय आहे, तुमच्या कोर्टात ती कशी चालते ते नाझर ऑफिसला विचारा.

व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवून ‘कोर्टाची कॉस्ट लगेच भरा, नाहीतर अटक’ असा मेसेज आला तर भरू नका. खरी ऑर्डर असेल तर ती तुमच्या १६ अक्षर-अंकी सीएनआर नंबरवर ॲपमध्ये दिसेल. मात्र व्हॉट्सॲपवर आलं म्हणजे खोटंच, असंही नाही. २०१८ मध्ये एसबीआय कार्ड्सच्या वसुलीच्या एका प्रकरणात मुंबई हायकोर्टाचे न्या. गौतम पटेल यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ नोटीस बजावली गेल्याचं मान्य केलं, कारण ती पोचली आणि उघडली गेली हे खुणांवरून दिसत होतं. नोटीस आली तर वकिलाला दाखवा, पैसे मागितले तर आधी तपासा.

वसुली: दरखास्त

पुढे आमचा दावा खर्चासह मंजूर झाला. समोरच्याने ना बिल दिलं ना खर्च. कोर्ट आपणहून वसूल करून देत नाही, आपल्याला दरखास्त दाखल करावी लागते. मुदत १२ वर्षं आहे, पण थांबू नका, तोवर माणूस मशीन विकून मोकळा होतो. ॲपमध्ये दरखास्तीला नवा सीएनआर मिळतो. जुना दावा ‘डिस्पोज्ड’ दिसतो म्हणून घाबरायचं नाही, नवा नंबर सेव्ह करा. समोरच्याची मालमत्ता बेळगावात असेल तर हुकूमनामा तिकडच्या कोर्टाकडे पाठवून घ्यावा लागतो.

खरी अडचण एकच, जप्त काय करायचं हे आपल्याला माहीत पाहिजे. हुकूमनाम्याला ३० दिवस होऊनही पैसे आले नाहीत तर ऑर्डर २१ नियम ४१ खाली, त्याने आपल्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं असा अर्ज करता येतो. दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. पप्पांकडे त्या पार्टीचे जुने चेक होते, त्यावरून बँक आणि खाते नंबर कळला. त्यांचं येणं ज्या फौंड्रीकडे होतं तेही माहीत होतं. दोन्ही अर्जात लिहिलं.

सगळंच जप्त होत नाही. कारागिराची हत्यारं सुटतात. पगारातले पहिले १००० आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश सुटतो, म्हणजे २५००० पगार असेल तर हातात येतात ८०००. रक्कम २००० किंवा त्याहून कमी असेल तर त्यासाठी दिवाणी कैद नाही, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक नाही. ऐपत असून देत नाही हे दाखवल्याशिवाय कोणालाच आत टाकत नाहीत.

आमच्या दरखास्तीत खात्यावर जप्तीचा हुकूम गेला आणि त्याच आठवड्यात पार्टीचा फोन आला, ‘मालक, एवढ्यासाठी कशाला, बसून मिटवू.’ पप्पा म्हणाले, ‘बसूया की, नाझरकडे भरून या, मग चहा माझ्याकडून.’ निम्मी रक्कम कसबा बावड्याला कोर्टात जमा झालीय. उरलेल्या निम्म्यासाठी पुढची तारीख आहे. ॲप मी रोज सकाळी रिफ्रेश करतो.