दिवसाची शाळा आणि रात्रीचा मुक्काम

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘काहीतरी इतिहासाचे लिहा’ असा संपादिकाबाईंचा निरोप आला, तेव्हा प्रथम मनात आले की आम्ही कशेळीच्या बायकांनी इतिहास तो काय लिहावा! पण त्याच आठवड्यात घरात एक असा प्रश्न उभा राहिला की इतिहासाची पाने चाळल्याखेरीज त्याचे उत्तर मिळेना. म्हणून त्या प्रश्नापासूनच सुरुवात करते.

माझी नात तेव्हा इयत्ता तिसरीत होती. परीक्षा संपता संपता तिने दप्तरातून एक रंगीत कागद काढून माझ्यासमोर धरला. एका ख्रिस्ती संस्थेचे मुलांसाठी उन्हाळी शिबिर, पाच दिवस आणि चार रात्री; गाणी, खेळ, गोष्टी, हस्तकला. तिच्या वर्गातली मैत्रीण जाणार होती, म्हणून हिलाही जायचे होते. सूनबाई म्हणाली, “आत्या, जाऊ द्या हो, मोकळी हवा तरी मिळेल.” तिचे म्हणणे खोटे नव्हते. कशेळी-काल्हेरच्या बाजूला आता गोदामांच्या भिंती आणि मालमोटारींची रीघ. मुलांनी पळायचे तरी कोठे? पण शेजारच्या वृद्ध काकींनी एका वाक्यात विषय संपविला, “पोरीला रातची परक्याचे घरी कशाला धाडता?”

त्या वाक्यातला ‘रातची’ हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. कारण खाडी ओलांडून ठाण्यातल्या ख्रिस्ती शाळांत आपल्या भागातली मुले किती वर्षे जात आली आहेत! काकींचे स्वतःचे नातू तेथे शिकले. त्याला कोणी हरकत घेतली नाही. मग दिवसा चालते ते रात्री का चालू नये? हा प्रश्न घेऊन मी जुन्या गोष्टी वाचू लागले आणि ध्यानात आले की महाराष्ट्रातल्या आईबापांनी हा प्रश्न आज नव्हे, पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ स्वतःला विचारला आहे.

मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने मुलींसाठी पहिली शाळा काढली ती १८२४ साली. पुढे स्कॉटिश मिशनच्या शाळा निघाल्या. जोतीराव फुले १८४१ पासून पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, सावित्रीबाईंनी अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, आणि १८४८ साली या दांपत्याने भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. ख्रिस्ती शाळेतून प्रश्न विचारण्याची सवय मात्र घेऊन आले. दिवसाच्या शाळेचा हा लाभ आपल्या समाजाने, थोडी कुरकूर करीत का होईना, पदरात पाडून घेतला. मूल संध्याकाळी घरी येते, देवापुढे दिवा लागलेला पाहते, आईच्या हातचे जेवते आणि शाळेत ऐकलेले घरात बोलून दाखविते. दोन्ही गोष्टी त्याच्यासमोर राहतात.

रात्रीच्या मुक्कामाची गोष्ट निराळी. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने रेव्हरंड नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बारा वर्षांच्या आसपास, हाही मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. मुलगा अज्ञान आहे, त्याचा ताबा पित्याचा, असा निकाल झाला आणि श्रीपत घरी आला. पण खरा पेच तेथून पुढे सुरू झाला. ज्याने परधर्मीयांच्या घरी मुक्काम केला, तेथले अन्न खाल्ले, त्याला जातीत परत घ्यावे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पुढे सरसावले. लेकराला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, असे त्यांनी ठामपणे मांडले. सनातनी मंडळींनी त्यांना कडाडून विरोध केला.

भगिनींनो, या प्रकरणात मला सर्वांत जास्त कळवळा येतो तो त्या बारा वर्षांच्या मुलाचा. एका बाजूला मिशन, दुसऱ्या बाजूला कोर्ट, तिसऱ्या बाजूला जात. आणि मधे एक लेकरू, ज्याच्यासाठी कोणतेच दार पुरते उघडे नाही. मिशनऱ्यांनी त्याला बापाच्या संमतीवाचून ठेवून घेतले ही त्यांची चूक. आणि चार रात्री बाहेर राहिला म्हणून घरच्यांनीच दार लावायचे ही आपली चूक. दोन्ही चुका मुलाच्याच माथी बसल्या. बाळशास्त्र्यांचे मोठेपण हे की त्यांनी प्रथम मुलाकडे पाहिले, वाद मागाहून.

आता दुसरी गोष्ट एका आईची. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तेथल्या सिस्टर जेराल्डिन यांचा मायलेकींवर लोभ होता. परंतु मनोरमेला धर्माचे कोणते शिक्षण द्यावे, यावरून रमाबाई आणि सिस्टर यांच्यात मतभेद झाले. त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या. तरीही जे मला पटलेले नाही ते माझ्या मुलीच्या मनावर माझ्या पाठीमागे बिंबवू नये, हा आईचा हक्क त्यांनी सोडला नाही. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, आणि मनोरमेला काही काळ आईपासून दूर, सिस्टरांच्या देखरेखीखाली इंग्लंडमध्ये राहावे लागले. लेकीला दूर ठेवणाऱ्या आईची घालमेल रमाबाईंना पुस्तकातून शिकावी लागली नाही. म्हणजे ‘रातची परक्याचे घरी’ हा प्रश्न केवळ हिंदू घरातला नव्हे. ख्रिस्ती आईलाही ख्रिस्ती मठासमोर तो पडला होता.

आणि नियतीचा खेळ असा की पुढे रमाबाईच त्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. विधवांना आणि मुलींना राहून शिकता यावे हा हेतू. सदनात धर्माची सक्ती नसेल, असे त्यांनी सांगितले होते, आणि न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार म्हणून पाठीशी उभी होती. परंतु रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत, काही मुली त्या प्रार्थनेस जाऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ साली रानडे व भांडारकर सल्लागारपदावरून बाजूला झाले आणि वीस-पंचवीस मुलींना त्यांच्या पालकांनी सदनातून काढून नेले.

येथे न्याय कसा करावा? रमाबाई म्हणत, मी कोणाला बोलावीत नाही, येणाऱ्याला अडवीतही नाही. हे खरेच होते. पण आईविना, नवऱ्याविना, सगळ्या जगाने टाकलेली पोर ज्या एका स्त्रीच्या मायेच्या सावलीत रात्री झोपते, त्या स्त्रीच्या प्रार्थनेकडे तिचे पाऊल आपोआप वळणार, हेही तितकेच खरे. मायेची ओढ सक्तीपेक्षा बळकट असते. पालकांचे भय अगदीच निराधार नव्हते. मात्र ज्या मुलींना काढून नेले, त्यांच्यापुढे दुसरी वाट कोणती ठेवली? बहुतेक ठिकाणी केशवपन आणि माजघराचा कोपराच. भयाने मुलीला बाहेर काढले. तिच्या शिक्षणाची सोय मात्र भयाला करता आली नाही.

ती सोय ज्यांनी केली त्यांचे नाव घेतल्यावाचून हा इतिहास पुरा व्हायचा नाही. शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. त्या सदनात राहिल्या, शिकल्या आणि हिंदूच राहिल्या. मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला, त्याच आपल्या बाया कर्वे. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि तो पुढे हिंगण्यास नेला. परक्याच्या घराला नावे ठेवण्यापेक्षा आपले घर बांधावे, हा धडा त्यांनी कृतीने दिला. इकडे रमाबाईंनीही १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो उपाशी मुलींना उचलून आणून केडगावला मुक्तिसदन वसविले. त्या मुलींच्या बाबतीत ‘का पाठविले’ हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही. भुकेने त्यांना निवड ठेवलीच नव्हती.

तिसरी गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांची. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे लहानग्या दत्तूसह वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे गेल्या तरी आपले सोवळे-ओवळे सांभाळून राहिल्या, हळूहळू विचार करीत गेल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या भगिनींना हा प्रवास ठाऊक आहेच. कोणाला त्यांचा निर्णय आवडेल, कोणाला नाही. मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते, ती म्हणजे त्यांनी घेतलेला वेळ. धर्म हा पाच वर्षे विचार करून घेण्याचा किंवा ठेवण्याचा विषय आहे. पाच दिवसांच्या शिबिरात, आठ वर्षांच्या वयात, रात्रीच्या अंधारात आईच्या आठवणीने डोळे भरलेले असताना घेण्याचा तो खचित नव्हे.

मुलांच्या शिबिरांची ही प्रथा आली कोठून, तेही थोडक्यात सांगते. अमेरिकेत कनेटिकट प्रांतातल्या गन नावाच्या शिक्षकाने १८६१ साली आपल्या शाळेतली मुले रानात मुक्कामाला नेली. मुलांच्या शिबिरांचा आरंभ पुष्कळदा तेथून मानतात. १८८५ साली वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती संस्थेच्या डडली यांनी मुलांचे शिबिर भरविले; ते पुढे वर्षानुवर्षे चालू राहिले. आपल्याकडेही मावळात निळशी येथे वाय. एम. सी. ए. चे शिबिरस्थान आहे. तंबू, शेकोटी, सामुदायिक गाणी ही रीत पुढे सर्वांनीच उचलली. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांनी कितीतरी मराठी मुलामुलींना घराबाहेर झोपायला, स्वतःचे ताट घासायला आणि परक्या जातीच्या मुलाशेजारी जेवायला शिकविले. तेव्हा घराबाहेरची रात्र ही मुळात वाईट नव्हे. ती कोणाच्या हाती सोपविली आणि काय ठरवून सोपविली, एवढाच प्रश्न.

आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमात या साऱ्या भांडणांचे सार उतरले आहे, असे मला वाटते. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही. श्रीपतच्या बापाला १८४३ साली कोर्टाची पायरी चढून जे मिळवावे लागले, ते आज मुलाच्या दप्तराबरोबर शाळेत जाते. पण शिबिर म्हणजे शाळा नव्हे. तेथे ते कलम आईबापांनीच मनात धरून जावे लागते.

मी तसेच केले. कागदावरच्या क्रमांकावर दूरध्वनी केला आणि विचारले, गोष्टी कोणत्या? पलीकडच्या बाई सौजन्याने म्हणाल्या, बायबलातल्या. सकाळ-संध्याकाळ प्रार्थनाही असते. मी म्हटले, “बाई, मग हे छापले का नाहीत? विचारणारीला खरे सांगता, न विचारणारीचे काय?” त्या क्षणभर गप्प झाल्या. मुलीला रोज घरी बोलू द्याल का, या प्रश्नाला ‘शेवटच्या दिवशी’ असे उत्तर आले. त्या वर्षी नातीला पाठविले नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तो राग मी सोसला.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र कागद आला तो निराळा. प्रार्थनेच्या वेळा छापलेल्या, पालकांची इच्छा नसेल तर मूल त्या वेळी चित्रकलेस बसेल असे लिहिलेले, रात्री मुलींजवळ झोपणाऱ्या शिक्षिकांची नावे दिलेली आणि रोज संध्याकाळी घरी बोलण्याची सोय. माझ्या एका प्रश्नाने हे झाले असे मी म्हणत नाही. माझ्यासारख्या अनेकींनी विचारले असेल. नात गेली. पाचव्या दिवशी उन्हाने रापून परतली. तिकडे ऐकलेली हरवलेल्या मेंढराची गोष्ट तिने काकींच्या मांडीवर बसून सांगितली. काकींनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारले, “मंग गावला का तो?” गावला, म्हटल्यावर त्यांनाही बरे वाटले.

तेव्हा मैत्रिणींनो, हा इतिहास वाचून माझ्या हाती जे लागले ते एवढेच. जेथे पाठवायचे तेथे काय शिकवितात हे आधी उघड सांगतात का? आपली संमती विचारतात का? मुलाला ‘नको’ म्हणता येते का, आणि म्हटल्यावर त्याची माया कमी होत नाही ना? रोज त्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो का? हे प्रश्न ख्रिस्ती शिबिराला विचारावेत, तसेच आपल्या धर्माच्या संस्कारवर्गालाही विचारावेत. आपल्या गल्लीतल्या ख्रिस्ती भगिनीची मुलगी तेथे आली तर तिलाही हाच न्याय मिळाला पाहिजे. आणि शेवटचा प्रश्न स्वतःला विचारावा, तो श्रीपतच्या आठवणीने: काहीही ऐकून, काहीही खाऊन लेकरू परत आले, तर आपल्या घराचे दार त्याच्यासाठी पूर्वीइतकेच उघडे असेल ना?