घाईत उडालेली यानं आणि गगनयानाचा उशीर

'गगनयान कधी उडणार?' हा प्रश्न हल्ली टिंगलीच्या सुरातच विचारला जातो. १५ ऑगस्ट २०१८ ला लाल किल्ल्यावरून २०२२ ची मुदत जाहीर झाली होती. ती हुकली. मग कोणी सरकारला टोमणे मारतं, कोणी इस्रोला. राजकारण घटकाभर बाजूला ठेवू आणि माणसाला वर नेणारी यानं आजवर कोणी, कशी बनवली ते पाहू. उशिराचा अर्थ मग जरा वेगळा लागतो.

१२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन व्होस्तोक यानातून पृथ्वीभोवती एक फेरी मारून आला. तीन आठवड्यांनी, ५ मे रोजी, अमेरिकेचा ॲलन शेपर्ड मर्क्युरी यानातून १५ मिनिटांची उडी मारून परतला. रशियाचं यान पावणेपाच टनांच्या आसपास, अमेरिकेचं दीड टनाच्याही आत. एवढा फरक का? तर रॉकेटमुळे. रशियाचा अणुबॉम्ब जड, म्हणून तो वाहून नेणारं आर-७ रॉकेट दणकट बनवलेलं. तेच यानाच्या कामी आलं. अमेरिकेचे बॉम्ब हलके, रॉकेटं लहान, त्यामुळे किलोकिलोची काटकसर.

वजनाची चैन होती म्हणून कोरोल्योव्ह यांच्या मंडळींनी सरळ गोळा निवडला. जड बाजू एकीकडे ठेवली की गोळा परतताना आपोआप योग्य दिशेला वळतो, फार डोकं लावावं लागत नाही. पण तो जमिनीवर आपटायचा जोरात. म्हणून गागारिनला सुमारे ७ किलोमीटर उंचीवर खुर्चीसकट बाहेर फेकलं आणि तो वेगळ्या पॅराशूटने उतरला. विक्रमाच्या नियमानुसार वैमानिकाने यानासोबतच उतरायला हवं होतं, त्यामुळे रशियाने ही गोष्ट बरीच वर्षं दडवून ठेवली. अमेरिकेत मॅक्स फॅजे यांनी बोथट तळाचा शंकू काढला. उष्णता झेलणारं जाड कवच फक्त तळाला, आणि उतरायचं समुद्रात.

आता गंमत बघा. यान चालवणार कोण, यावरही दोघांचं उत्तर वेगळं. वजनरहित अवस्थेत माणूस भांबावला तर काय, अशी रशियन लोकांना धास्ती. म्हणून गागारिनच्या यानातली हाताने चालवायची यंत्रणा कुलूपबंद होती. ती उघडायचा आकडा, १२५, लिफाफ्यात बंद करून दिलेला. (तो आकडा त्याला उड्डाणाआधीच कानात सांगितला गेला होता, हा भाग निराळा!) अमेरिकेचे अंतराळवीर चाचणी वैमानिक. नुसतं बसून जायला ते तयार नव्हते. भांडून त्यांनी खिडकी मिळवली, हाताने चालवायची सोय मिळवली. १९६२ मध्ये जॉन ग्लेनच्या उड्डाणात स्वयंचलित यंत्रणा बिघडली, तेव्हा तीच सोय उपयोगी पडली.

इथवर हा दोन पद्धतींचा फरक होता. पुढे शर्यत लागली आणि पद्धती मागे पडल्या.

अमेरिका दोन माणसांचं जेमिनी यान उडवणार म्हटल्यावर रशियाने ऑक्टोबर १९६४ मध्ये व्होस्तोकच्याच गोळ्यात तिघांना कोंबलं. नाव दिलं व्होसखोद. जागा पुरेना म्हणून अंतराळ पोशाख काढले, बाहेर फेकणारी खुर्चीही काढली. काही बिघडलं असतं तर सुटकेचा मार्ग नव्हता. त्या तिघांतला एक, फेओक्तिस्तोव्ह, यानाच्या रचनाकारांपैकीच होता. नशिबाने तिघं परतले.

नशीब रोज साथ देत नाही. अमेरिका वजन वाचवण्यासाठी यानात शुद्ध ऑक्सिजन भरायची; रशिया आपण घेतो तशी साधी हवा. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो-१ ची जमिनीवरच चाचणी चालू असताना एक ठिणगी पडली. ऑक्सिजनमध्ये आगीचा भडका उडाला. दार आतल्या बाजूला उघडणारं, दाबामुळे ते उघडलंच नाही. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी गेले. तीन महिन्यांत रशियाची पाळी. सोयुझच्या माणसाविना झालेल्या चाचण्यांत दोष निघाले होते, तरी कोमारोव्हला पाठवलं. पॅराशूट नीट उघडलं नाही. १९७१ मध्ये सोयुझ-११ परतताना एक झडप उघडली, हवा निघून गेली आणि तिघे दगावले. अंगात पोशाख नव्हते, कारण पोशाख घातल्यावर तिघं मावत नसत. त्यानंतर पोशाख सक्तीचे झाले आणि कित्येक वर्षं सोयुझमधून दोघेच जात राहिले.

मग अमेरिकेने पंखांचं स्पेस शटल आणलं. पुन्हा पुन्हा वापरता येणारं, देखणं. पण माणसं रॉकेटच्या टोकावर न बसता इंधनाच्या टाकीशेजारी, आणि उड्डाणात बिघाड झाला तर निसटायला यंत्रणा नाही. जानेवारी १९८६ मध्ये, थंडीत रबरी कडी नीट काम करणार नाहीत असं अभियंते आदल्या रात्री सांगत होते. ऐकलं गेलं नाही. चॅलेंजर ७३ सेकंदांत संपलं. २००३ मध्ये टाकीवरून सुटलेला फोमचा तुकडा पंखावर आदळला आणि आपण कल्पना चावलाला गमावलं.

उलट सोयुझचं बघा. दिसायला जुनाट, पण टोकावर सुटकेची यंत्रणा. १९८३ मध्ये खालचं रॉकेट पेटलं, ते फुटायच्या काही क्षण आधी तिने दोघांना ओढून बाहेर काढलं. २०१८ मध्येही अर्ध्या वाटेवर रॉकेट बिघडलं आणि दोघे सुखरूप उतरले. राकेश शर्मा १९८४ मध्ये सोयुझनेच गेले होते. चीननेही २००३ मध्ये पहिला माणूस पाठवला तो सोयुझच्याच धर्तीच्या शेंझोऊतून.

आपलं गगनयान याच वाटेने चाललंय: टोकावर शंकूसारखं यान, त्यावर सुटकेची यंत्रणा. २१ ऑक्टोबर २०२३ ला तिची चाचणी झाली. उड्डाणाला ५ सेकंद उरले असताना संगणकाने ती थांबवली. दोष शोधला, दुरुस्त केला आणि त्याच सकाळी १० वाजता यान उडालं. थांबलं तेव्हा हसणारे होतेच.

प्रश्न जरूर विचारा, पैसा आपला आहे. कोणती चाचणी झाली, कोणती बाकी आहे, कशात काय निघालं, हे इस्रोने लोकांना सांगायलाच हवं. पण 'अजून का उडत नाही?' हा प्रश्न नेत्यांच्या तोंडून अभियंत्यांपर्यंत पोचला की काय होतं, ते वर लिहिलंय. वर जाणारे तिघे कोणाच्या तरी घरचे आहेत. त्यांना परत आणायची तयारी पूर्ण झाली का, हे आधी विचारू. तारीख नंतर.

तुम्हाला काय वाटतं? लिहा खाली.