चेन्नईचा खडक आणि अर्थिंगचा इतिहास

कोलकात्याच्या सेंट जॉन चर्चच्या आवारात जॉब चार्नॉकची कबर आहे. तिच्यावरील शिला मद्रासजवळच्या पल्लावरम परिसरातील खडकाची. १८९३ साली भूवैज्ञानिक टी. एच. हॉलंड यांनी या खडकाला ‘चार्नोकाइट’ हे नाव दिले. चेन्नईच्या दक्षिण भागातील टेकड्या याच खडकाच्या आहेत. असा कठीण, कोरडा खडक विजेला सहज वाट देत नाही, आणि सौरसंयंत्राच्या अर्थिंगची अडचण येथेच सुरू होते.

बिघाडाच्या वेळी पॅनेलच्या धातूच्या चौकटीवर धोकादायक विद्युतदाब राहू नये व आकाशातून कोसळणाऱ्या विजेला जमिनीत वाट मिळावी, यासाठी अर्थिंग असते. जमीन वीज वाहून नेते हे १८३८ साली म्युनिकच्या कार्ल ऑगस्ट श्टाइनहाइल यांनी तारायंत्राची परतीची तार वगळून दाखवले. ती किती वाहते, हे मोजण्याची सुटसुटीत रीत १९१५ साली अमेरिकेतील फ्रँक वेनर यांनी मांडली: एका रेषेत समान अंतरावर चार सळया, बाहेरच्या दोहोंतून प्रवाह आणि आतल्या दोहोंमधील दाबाचे मापन.

या मोजणीचे महत्त्व असे की, रोध मुख्यतः सळईत नसून तिच्या भोवतालच्या मातीत असतो. मातीची रोधकता १०० ओहम-मीटर असेल, तर ३ मीटर लांब व १६ मिलिमीटर जाड सळईचा रोध सुमारे ३३ ओहम भरतो. जाडी दुप्पट केल्यास तो ३० होतो. लांबी दुप्पट केल्यास १९. रोधकता दहापट झाली, की रोधही दहापट होतो.

खडकात खोल जाता येत नसेल, तर पुरेशा अंतरावर अनेक सळया रोवून त्या जोडतात आणि भोवती ओलावा धरणारी बेंटोनाइट माती भरतात. मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्यातील मीठ मात्र पावसाने झिरपून जाते व धातू गंजवते. दुसऱ्या महायुद्धात ॲरिझोनाच्या कोरड्या जमिनीवर दारूगोळ्याच्या कोठारांसाठी हर्बर्ट उफर यांनी पायाच्या काँक्रीटमधील पोलादाचाच अर्थिंगसाठी उपयोग केला. काँक्रीट ओलावा टिकवते, म्हणून तो उपाय यशस्वी ठरला.

चेन्नईत पावसाचा मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. त्या ओलीत घेतलेले माप मे महिन्यात टिकेलच असे नाही. एक कोटी घरांच्या छतांवर सौरपॅनेल बसवण्याची योजना देशाने २०२४ साली हाती घेतली आहे. त्या प्रत्येक छताखालच्या जमिनीचा रोध कोरड्या ऋतूतही मोजला जाणे आवश्यक आहे.