काम येतं, पण कागद नाही? अनुभवाला प्रमाणपत्र देणारं ‘आरपीएल’ नेमकं काय आहे?

समजा, एक गवंडी आहे. पंधरा वर्षं भिंती उभ्या केल्यात, ओळंबा हातात घेतला की भिंत कुठे बाहेर गेली ते लगेच सांगतो. पण शाळा आठवीत सुटली. मोठ्या कंपनीच्या साइटवर कामाला गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘सर्टिफिकेट आहे का?’ नाही म्हटलं की नोंद होते हेल्परची आणि मजुरीही हेल्परचीच.

ब्युटी पार्लर चालवणाऱ्या ताई, गॅरेजमधला मेकॅनिक, वायरमनच्या हाताखाली शिकलेला मुलगा, घरी शिवणकाम करणाऱ्या महिला, सगळ्यांची अडचण हीच. कला हातात आहे, पण ती सिद्ध करणारा कागद नाही.

यासाठी सरकारची एक व्यवस्था आहे. तिचं नाव ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’, म्हणजेच आरपीएल. सोप्या मराठीत, आधीच शिकलेल्या गोष्टींना मान्यता. तुम्ही ते काम कुठे शिकलात हे इथे विचारलं जात नाही. ते येतं का, एवढंच तपासलं जातं.

सुरुवात कुठून झाली?

27 डिसेंबर 2013 रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा, म्हणजे एनएसक्यूएफ, अधिसूचित केला. कोणत्या कामासाठी किती ज्ञान आणि किती कौशल्य लागतं, याच्या पातळ्या त्यात ठरवल्या. आधी त्या 10 होत्या, 2023 च्या सुधारणेनंतर 8 झाल्या.

2015 मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली आणि आरपीएल तिचा भाग झालं. या प्रमाणपत्रांवर देखरेख ठेवणारी नियामक संस्था म्हणजे राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण आणि प्रशिक्षण परिषद, अर्थात एनसीव्हीईटी.

प्रक्रिया कशी असते?

1. नोंदणी: ‘स्किल इंडिया डिजिटल हब’ या सरकारी पोर्टलवर किंवा मान्यताप्राप्त केंद्रात. कधी कामाच्या ठिकाणीच शिबिर भरवलं जातं. आधार कार्ड आणि बँक खात्याचा तपशील जवळ ठेवा.

2. कामाची निवड: ‘बांधकाम’ एवढं सांगून चालत नाही. गवंडी, फरशी बसवणारा, सळई बांधणारा, प्रत्येकाची परीक्षा वेगळी. तुमचा हात ज्यात बसलाय तेच निवडा.

3. उजळणी वर्ग: यात सुरक्षिततेचे नियम, कामातले तांत्रिक शब्द आणि परीक्षेचं स्वरूप समजावतात. कुठे कमी पडत असाल तर थोडं जादा प्रशिक्षण दिलं जातं.

4. मूल्यमापन: लेखी आणि प्रात्यक्षिक. शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा असतो. परीक्षा मराठीत होणार का, हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या.

5. प्रमाणपत्र: पास झालात की डिजिटल प्रमाणपत्र मिळतं. ते डिजिलॉकरमध्ये ठेवता येतं आणि त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून खरं-खोटं तपासता येतं.

योजनेच्या चौथ्या टप्प्यात आरपीएलसाठी वयाची अट 18 ते 59 वर्षं आहे.

मग हा कागद दहावीच्या बरोबरीचा का?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

आरपीएलचं प्रमाणपत्र तुम्हाला एक विशिष्ट काम येतं एवढंच सांगतं. जाहिरातीत ‘दहावी पास’ अशी अट असेल तर ती यावर भागत नाही. किमान वेतनाचंही तसंच. कुशल, अर्धकुशल आणि अकुशल कामगारांचे दर वेगळे असतात. प्रमाणपत्र हातात आलं म्हणून कुशल कामगाराचा दर आपोआप लागू होत नाही, तुम्ही प्रत्यक्षात कोणतं काम करता ते पाहिलं जातं. पण ‘मी हेल्पर नाही, कारागीर आहे’ हे सांगताना हातात पुरावा असतो.

म्हणून आधी ठरवा, आपली अडचण कुठे आहे? कामाचा पुरावा नाही की शाळेचा?

शाळेचा कागद हवा असेल तर?

त्याचे रस्ते वेगळे आहेत.

- 17 नंबरचा फॉर्म: शाळा सुटलेल्यांना राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेला खासगीरीत्या बसता येतं.
- एनआयओएस: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दुसऱ्या मान्यताप्राप्त मंडळाच्या परीक्षेत काही विषय निघाले असतील, तर जास्तीत जास्त दोन विषयांचे गुण इथे पुढे नेता येतात. म्हणजे दहावीत नापास झालात तरी सगळं पहिल्यापासून द्यावं लागत नाही.
- आयटीआय: दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झाला असेल, तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा मार्ग आहे. आधीच्या शिक्षणामुळे एक अख्खं वर्ष वाचतं.

कौशल्य आणि शाळा या दोन वाटा जोडण्यासाठी एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. 30 तासांच्या शिक्षणाला 1 क्रेडिट, वर्षाचे 1200 तास म्हणजे 40 क्रेडिट, असा हिशोब. यात कामाच्या अनुभवाचाही विचार आहे. मात्र पुढे प्रवेश घेताना हे क्रेडिट धरायचे की नाही, ते त्या संस्थेच्या नियमांवर ठरतं. प्रवेशाआधी लेखी विचारा.

पारंपरिक कारागिरांसाठी काय?

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चर्मकार, गवंडी, न्हावी, धोबी, शिंपी अशा 18 व्यवसायांचा समावेश आहे. यात नोंदणी झालेल्या कारागिराला प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं. मूलभूत प्रशिक्षण 5 ते 7 दिवसांचं असतं आणि रोज 500 रुपये भत्ता मिळतो. अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. तारण न ठेवता आधी 1 लाख आणि नंतर 2 लाखांपर्यंत कर्ज 5 टक्के व्याजाने मिळू शकतं. नोंदणी सीएससी केंद्रात होते. एका कुटुंबातून एकालाच लाभ घेता येतो.

फसायचं नसेल तर

डिसेंबर 2025 मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालाने कौशल्य विकास योजनेच्या नोंदींवर गंभीर प्रश्न उभे केले. लाखो उमेदवारांच्या बँक खात्याचे रकाने रिकामे होते किंवा त्यात निरर्थक आकडे भरलेले होते. याचा फटका खऱ्या कारागिरालाही बसतो, कारण कागदावरचा विश्वास उडाला की मालक तो बघतही नाही.

त्यामुळे एवढं तपासाच:

- प्रमाणपत्रावर एनसीव्हीईटीचं चिन्ह आणि पात्रतेचा कोड आहे का? तो कोड राष्ट्रीय पात्रता नोंदवहीच्या वेबसाइटवर सापडतो का?
- सरकारी योजनेतून होत असेल तर पैसे का मागतायत? कौशल्य विकास योजनेत उमेदवाराकडून शुल्क घेतलं जात नाही. योजनेबाहेर काही संस्था शुल्क घेऊन आरपीएल करतात, पण मग तसं स्पष्ट सांगायला हवं आणि पावती मिळायला हवी.
- ‘परीक्षा नको, नुसता आधार द्या’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. परीक्षेशिवाय मिळालेला कागद साइटवर पहिल्याच दिवशी उघडा पडतो.
- नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे ना? एका अक्षराची चूकसुद्धा पुढे अडवते.
- व्हिडिओ जुना तर नाही? योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात पास होणाऱ्याला 500 रुपये मिळत होते. तो नियम त्या टप्प्याचा. टप्पे बदलतात, मुदती संपतात, म्हणून निघण्याआधी पोर्टलवर ताजी माहिती बघा.

आपल्या गवंड्याचंच बघा. कंपनीच्या साइटवर कारागीर म्हणून उभं राहायचं असेल तर त्याला आरपीएल हवं. सुपरवायझरच्या जागेसाठी दहावी मागितली असेल तर 17 नंबरचा फॉर्म हवा. दोन्ही करायलाही हरकत नाही. फक्त एकाचं काम दुसऱ्याने होईल असं समजून रोजंदारी बुडवू नका.