पायाळू

मराठी भाषेत ‘पायाळू’ असा एक शब्द आहे. जे मूल मस्तकाऐवजी पायांनी या जगात उतरले, ते पायाळू. अशा माणसाविषयी आपल्याकडे किती समजुती प्रचलित आहेत, हे वाचकांस सांगावयास नकोच. कोणाच्या कमरेत उसण भरली, की गावातील पायाळूस बोलावून त्याचा पाय कमरेस लावून घ्यावयाचा. विहीर खणण्यापूर्वी त्यास शेतातून हिंडवावयाचे. त्याच्या डोळ्यांत अंजन घातले म्हणजे जमिनीत पुरलेले धन त्यास दिसते, असेही सांगत. आणि पावसाळ्यात आकाश गडगडू लागले, की त्याने उघड्यावर उभे राहू नये, कारण वीज पायाळूवर पडते!

या समजुतींना राज्यांच्या सीमा ठाऊक नाहीत. पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबाद जिल्ह्यात जैनथ, बेला, तामसी या भागांत आजही कित्येक घरांत मराठीच बोलली जाते. गोमंतकातील वाचकांस हा मुलूख दूरचा वाटेल. परंतु भाषेच्या दृष्टीने तो आपल्याच अंगणाची एक बाजू होय. पूर्वी सिरपूर-तांदूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशास निजामी अमलात 1905 साली आदिलाबाद जिल्ह्याचे रूप आले. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत त्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे आले, उरलेला भाग आंध्र प्रदेशात राहिला. 2014 साली तो तेलंगणात गेला आणि 2016 साली या एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. नकाशे असे बदलत राहिले. नदीच्या दोन्ही तीरांवरील बाळंतिणी मात्र एकाच भयात वावरत आल्या. मराठीत ज्यास पायाळू म्हणतात, त्या जन्मास तेलुगूत ‘एदुरु काळ्ळु’, म्हणजे सामोरे आलेले पाय, असे म्हणतात.

पूर्ण दिवसांच्या शंभर गर्भांपैकी तीन-चार गर्भ अशा उलट्या स्थितीत असतात. सातव्या महिन्याच्या सुमारास हे प्रमाण वीस-पंचवीसपर्यंत असते. पुढे बहुतेक गर्भ आपण होऊनच फिरतात. म्हणजे कोणतेही मध्यम वस्तीचे गाव घेतले, तरी पिढीगणिक त्यात अनेक पायाळू जन्मास आलेच असले पाहिजेत. मग गावात एखादाच पायाळू का ठाऊक असे? आमच्या मते याचे उत्तर सरळ व दुःखद आहे. जे जगले त्यांनाच हे नाव मिळाले. जे जन्मतानाच गेले, आणि ज्या माता त्यांच्याबरोबर गेल्या, त्यांच्यासाठी भाषेने शब्द घडविला नाही. मृत्यूच्या दारातून सुटून आलेल्या मुलाच्या पायांत काही अद्‌भुत सामर्थ्य असावे, असे लोकांस वाटले, यात नवल ते काय?

हे केवळ आपल्याकडचेच नव्हे. प्राचीन रोमन लोक पायांनी जन्मलेल्या मुलास ‘अग्रिप्पा’ म्हणत, व सम्राट ऑगस्टसचा प्रसिद्ध सेनापती मार्कस अग्रिप्पा हा असाच जन्मला होता, अशी नोंद प्लिनीने केली आहे. सरळ जन्मासाठी प्रोर्सा आणि उलट्या जन्मासाठी पोस्टव्हेर्टा अशा दोन देवता रोममध्ये पूजिल्या जात. आपल्याकडे सटवाई एकटीच दोन्हीकडचे पाहते.

भीतीच्या जोडीस विद्याही होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात आठवा अध्याय मूढगर्भाचा आहे आणि चिकित्सास्थानातील पंधरावा अध्याय त्याच्या उपचाराचा. दोन्ही मांड्या पुढे आल्या असता गर्भ खाली ओढून घ्यावा. एकच आली असता दुसरी हलकेच सरळ करून मग ओढावा. नितंबभाग आडवा आला असता तो वर सारून पाय मोकळे करावेत, असा उपदेश तेथे आहे. ही शल्यक्रिया सर्वांत कठीण होय, कारण येथे डोळ्यांनी काही दिसत नाही, सर्व काम स्पर्शाने करावे लागते, आणि हातून चूक झाली तर दोन जिवांस अपाय होतो, हेही ग्रंथकाराने स्पष्ट सांगितले आहे. वकिलीच्या धंद्यामुळे आमची दृष्टी आणखी एका वाक्यावर खिळली. या कर्मास हात घालण्यापूर्वी वैद्याने अधिपतीची अनुज्ञा घ्यावी, असे सुश्रुत सांगतो. अधिपती म्हणजे राजा की घरचा कर्ता, हा अर्थनिर्णय पंडितांकडे सोपवू. इतके मात्र खरे, की विचारावयाचे ते अधिपतीस. जिच्या देहावर शस्त्र चालावयाचे तिचे नाव त्या वाक्यात नाही.

युरोपात दुसऱ्या शतकातील सोरानस याने गर्भ पायांकडून फिरवून काढण्याची रीत लिहून ठेवली होती. पुढे ती लोपली, व 1549 साली फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रुआझ पारे याने तिचे पुनरुज्जीवन केले. सतराव्या शतकात मोरिसो याने शेवटी अडकणारे मस्तक कसे सोडवावे हे दाखविले. पुढे स्मेली आणि फाइट यांची नावे जोडून ती क्रिया आजही शिकविली जाते. सारा पेच या मस्तकाचाच आहे. सरळ जन्मात गर्भाचा सर्वांत मोठा व कठीण भाग प्रथम येतो, तासन्‌तास वाट करीत येतो, आणि मागील देह सहज सुटतो. उलट्या जन्मात मऊ व लहान भाग आधी निसटतो, आणि मस्तक अगदी शेवटी दाराशी येते. त्या वेळी नाळ दाबली गेलेली असते व हाताशी काही मिनिटेच असतात. पाय अगोदर उतरत असतील तर नाळच खाली घसरण्याचा धोका अधिक. बाळ मांडी घालून वा पाय तोंडाकडे वळवून बसले असेल, तर तो त्या मानाने कमी.

आपल्या आनंदीबाई जोशी यांनी 1886 साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात पदवीसाठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षी झालेले पहिले मूल दहा दिवसांत गेले, त्या दुःखातून हे शिक्षण उगवले होते. सुश्रुताची विद्या आणि गावच्या सुइणीचा हात यांच्यामध्ये किती मोठी दरी पडली होती, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

आज मार्ग तीन आहेत. पहिला, गर्भ बाहेरूनच फिरविण्याचा. छत्तिसावा-सदतिसावा आठवडा लागला, की अनुभवी डॉक्टर पोटावर हात ठेवून, सोनोग्राफीने पाहत पाहत, बाळास हळूहळू डोक्यावर आणतात. सुमारे निम्म्या वेळा हे साधते, आणि साधल्यावर बाळ पुन्हा उलटण्याचा संभव थोडा. दोनशेत एखादीस मात्र लगेच शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून हे काम शस्त्रक्रियागृह जवळ असेल तेथेच करावयाचे. गावात पोट चोळून बाळ ‘फिरविणे’ ही याची नक्कल नव्हे, तो धोका आहे. दुसरा मार्ग ठरवून केलेल्या सिझेरियनचा. तिसरा नैसर्गिक प्रसूतीचा.

या दोहोंतील वाद 2000 साली एका निबंधाने जणू निकालात काढला. 26 देशांतील 2088 स्त्रियांवर झालेली ही पाहणी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. ठरवून सिझेरियन केलेल्या गटात मृत्यू वा गंभीर इजा 1.6 टक्के, तर नैसर्गिक प्रसूती योजलेल्या गटात 5 टक्के आढळली. जगभरच्या रुग्णालयांनी एका वर्षात आपली रीत बदलली. परंतु हीच मुले दोन वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा मृत्यू व वाढीतील दोष एकत्र धरता दोन्ही गटांत फरक उरला नाही, असे 2004 साली आढळले. 2006 साली फ्रान्स व बेल्जियम येथील 8105 स्त्रियांच्या पाहणीतही, निवड नीट केली व हात तयार असला तर, दोन मार्गांत लक्षणीय अंतर दिसले नाही. इंग्लंडच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने 2017 साली दिलेले आकडे आम्हांस अधिक उपयोगाचे वाटतात. उलट्या बाळाच्या बाबतीत ठरवून सिझेरियन केल्यास हजारी सुमारे 0.5 बाळे दगावतात, नैसर्गिक मार्ग योजल्यास सुमारे 2. आणि सरळ बाळाच्या साध्या प्रसूतीत सुमारे 1.

म्हणजे सिझेरियन बाळास अधिक सुरक्षित, हे खरेच. तथापि अपीलकर्त्या वकिलाप्रमाणे आम्हांस दुसरी बाजूही मांडली पाहिजे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातील 60.7 टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. देशाचे प्रमाण 21.5 आणि महाराष्ट्राचे 25.4. तेलंगणातील खासगी रुग्णालयांत तर ते 80 टक्क्यांहून अधिक. उलटी बाळे शंभरात तीन-चारच. तेव्हा हा भार त्यांच्या माथी मारता येत नाही. काही कुटुंबे मुहूर्त काढून पोट चिरावयास सांगतात, हीही यातील एक गोष्ट. देवळाशी नाते असलेल्या आमच्या वाचकांस इतकेच विनवावेसे वाटते, की एकोणचाळिसावा आठवडा भरण्यापूर्वी विनाकारण काढलेल्या बाळास श्वासाचा त्रास होण्याचा संभव वाढतो. ही गोष्ट पंचांगात लिहिलेली नसते.

दुसरे असे, की सर्वत्र शस्त्रक्रियाच होऊ लागल्याने उलटे बाळ हातांनी सोडविण्याची विद्या तरुण डॉक्टरांच्या हातून निसटत आहे. आदिलाबाद शहरात 2008 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि पैनगंगेपलीकडील महाराष्ट्रातूनही रुग्ण तेथे येतात. पण उटनूरच्या डोंगराळ भागातील गोंड व कोलाम वाड्यांपासून तेथवर येताना, पावसाळ्यात ओढे भरले असता, प्रसूती वाटेतच सुरू झाली तर? तेथे सिझेरियन नाही. तेथे बरोबर असलेल्या परिचारिकेने घाईने ओढू नये, बाळास आपल्या भाराने उतरू द्यावे, पाठ वर ठेवावी आणि मस्तक कसे सोडवावे, हे जाणले पाहिजे. तेलंगणाने 2017 पासून परिचारिकांना सुईणपणाचे विशेष शिक्षण देण्यास आरंभ केला. आमच्या मते इमारतींपेक्षा या शिक्षणाचे मोल अधिक.

आता कायद्याचे दोन शब्द. सुश्रुताच्या त्या अधिपतीची जागा आज कोणी घ्यावी? सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली यांच्या खटल्यात सांगितले, की रुग्ण सज्ञान असेल तर संमती तिचीच हवी. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईने दिलेला होकार, प्राणसंकट नसता, पुरेसा नाही. उपचाराचे स्वरूप, धोके आणि दुसरे मार्ग तिला समजतील अशा रीतीने सांगितले पाहिजेत. तेव्हा उलट्या बाळाच्या बाबतीत सासऱ्याची वा नवऱ्याची सही पुरे, हा समज सोडला पाहिजे. ज्या जिल्ह्यात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि उर्दू एका बाजारात ऐकू येतात, तेथे तिला न कळणाऱ्या भाषेतील कागदावर उठविलेला अंगठा ही आमच्या दृष्टीने संमती नव्हे. दुसरा शब्द पायाळूच्या ‘गुप्तधना’विषयी. महाराष्ट्राच्या 2013 च्या नरबळी व जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधन वा जलस्रोत शोधण्याच्या निमित्ताने केलेली अघोरी कृत्ये गुन्हा ठरविली असून, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. पायाळू मुलाच्या आईबापांनी घरी आलेल्या मांत्रिकास ही माहिती अवश्य द्यावी.

शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती म्हणजे सव्वा महिना खाटेवर पडून राहणे नव्हे. पहिल्याच दिवशी आधार घेऊन उठावे, चार पावले चालावे. त्याने पायांत रक्त गोठण्याचा धोका कमी होतो. बाळास पहिल्या तासाभरात छातीशी घ्यावे, टाके असले तरी ते जमते. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये. अळीव, डिंक, बाळंतशोपा हे सर्व खुशाल द्यावे. पण शेगडी व धुरी टाक्यांजवळ आणू नये, आणि बाळाच्या नाकाजवळ तर मुळीच नको. ताप, टाक्यांतून पू, दुर्गंधी, फार रक्तस्राव, एका पोटरीस सूज वा धाप, यांपैकी काही दिसल्यास पाचवीची पूजाही थांबवून दवाखाना गाठावा. पुढचे गर्भारपण निदान दोन वर्षे लांबवावे. गर्भाशयावर व्रण असलेल्या स्त्रीची पुढील प्रसूती पुष्कळदा नैसर्गिक होऊ शकते. पण सुमारे दोनशेत एखादीचा व्रण कळांत उसवतो, म्हणून ती घरी होता कामा नये. वाडी दूर असेल तर दिवस भरण्यापूर्वीच तिने रुग्णालयाजवळच्या गावी नातलगांकडे येऊन राहावे.

बाळाचे पाय आरंभी काही दिवस वर दुमडलेलेच राहतात, ढुंगणावर सूज वा काळे-निळे डाग दिसतात. ते आपोआप जातात. खरी तपासणी खुब्याच्या सांध्यांची. उलट्या बाळांत हे सांधे निसटलेले असण्याचा संभव अधिक असतो, म्हणून सहाव्या आठवड्याच्या सुमारास त्यांची सोनोग्राफी करून घ्यावी; शेवटच्या महिन्यात बाळ फिरविले गेले असले तरीही. आणि पाय सरळ ताणून घट्ट बाळोत्यात बांधण्याची चाल या मुलांसाठी विशेष वाईट. त्यापेक्षा मांड्या फाकवून, पाय मोकळे लोंबते ठेवून मूल कडेवर घेण्याची आपल्या बायकांची जुनी रीत या सांध्यांस मानवते.